थोड्या बचतीत जागेतला वाटा घेताना

अनेकांचे थोडे थोडे पैसे जमवून ते एखाद्या इमारतीत गुंतवणारे ऑनलाइन प्लॅटफॉर्म असतात. त्यात पैसे घालायच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्यातलाही मी दहावाच भाग इथे घातला.

मग विचारा: मला मालकीचा हिस्सा मिळतोय, की मी बिल्डरला कर्ज देतेय? कर्जात व्याज ठरलेलं असतं. हिश्शात भाडं आणि विक्रीचा नफा मिळतो, पण तोटाही आपलाच. बरेचदा त्या इमारतीपुरती वेगळी कंपनी काढतात. आपल्या नावावर तिचे शेअर येतात, खोली नव्हे.

माहितीपत्रक मी हातात पेन्सिल घेऊन वाचते. पहिल्या वेळी ८ टक्के भाडं बघून हुरळले होते. शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, २ टक्के वार्षिक शुल्क होतं; देखभाल आणि विमा आणखी वेगळे. हातात पडले जेमतेम ५. बाहेर पडायचं कलम तर वाचलंच नव्हतं. पैसे पाच वर्षं अडकले. आईच्या ऑपरेशनच्या वेळी फार जीव तुटला.

भाडेकरू कोण, करार किती वर्षांचा, प्लॅटफॉर्म बंद पडला तर हिशेब कोण बघणार, हे लेखी मागा. आणि प्लॅटफॉर्मची नोंदणी नियामकाच्या, म्हणजे अशा व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत स्वतः शोधा, प्लॅटफॉर्मने पाठवलेल्या लिंकवरून नको.