फुप्फुसाच्या कॅन्सरची स्टेज ठरवायला निघताना

तुकड्याच्या (बायोप्सीच्या) रिपोर्टमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर आला की घरात एकच घाई सुटते, ऑपरेशन कधी? डॉक्टर मात्र आधी स्टेज, म्हणजे आजार कुठवर पोचलाय, ते ठरवू म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, श्वासनलिकेला लागून लसिकाग्रंथी असतात; पुढे 'गाठी' म्हणतो त्या याच. आजार तिथवर पोचला असेल तर बहुतेकदा थेट ऑपरेशन करत नाहीत; आधी केमो, शेक (रेडिएशन) किंवा दुसरी औषधं. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून या तपासणीसाठी संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठणाऱ्यांनी काय काय बांधून घ्यावं, ते सांगतो.

सीटी स्कॅनची नुसती फिल्म नको, सीडीही मागून घ्या. तुकडा गावाकडे काढला असेल तर त्या लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मिळवा. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या चौकटीत बसवलेला मेणाचा तुकडा. चौकटीच्या कडेवर नंबर असतो. तो रिपोर्टवरच्या नंबराशी काउंटरवरच ताडून बघा, घरी येऊन नव्हे. आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तो डबा ठेवू नका, आत मेण आहे. पूर्वी टीबीची औषधं घेतली असतील तर ते कार्ड, ती पाकिटं, सगळं सोबत. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण पेट स्कॅनवर, म्हणजे आजाराच्या जागा चमकवून दाखवणाऱ्या स्कॅनवर, टीबीच्या गाठीही कॅन्सरसारख्याच चमकतात. म्हणून पेटवर गाठ चमकली एवढ्यावरून 'पसरलाय' असं मानून खचू नका. सुईने नमुना काढून बघावाच लागतो.

आधार आणि रेशन कार्ड लागेलच. महात्मा फुले योजनेत यातली कुठली तपासणी बसते, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा. रेल्वे सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. स्लीपर आणि थ्री एसीत कॅन्सरच्या पेशंटला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के.

आता मुख्य गोष्ट. या गाठींचा नमुना दोन रीतींनी काढतात. ईबसमध्ये तोंडातून दुर्बीण श्वासनलिकेत उतरवतात; तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, तिच्यात गाठ बघत बारीक सुई टोचतात. चिरा नाही, आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. अन्ननलिकेतून जाणारी तशीच दुर्बीण खालच्या गाठींपर्यंत पोचते. मीडियास्टिनोस्कोपी मात्र ऑपरेशनच आहे: पूर्ण भूल, गळ्याच्या खाली छोटा चिरा, आणि गाठीचा मोठा तुकडा. रक्तस्राव किंवा आवाजाच्या नसेला इजा क्वचित होते, पण होऊ शकते.

'चिरफाड नको, सुईचंच करा' असा हट्ट पेशंटसमोर धरू नका, आणि 'सुईने आजार पसरतो' या चावडीवरच्या गप्पांनी पेशंटला घाबरवूही नका. २०१० साली जामा या नियतकालिकात २४१ पेशंटांचा अभ्यास आला. थेट मीडियास्टिनोस्कोपीने पसरलेला आजार ७९ टक्के वेळा सापडला. आधी दुर्बिणीतून सुई आणि तिच्यात काही न निघाल्यास मीडियास्टिनोस्कोपी, असं केल्यावर ९४ टक्के. छाती उगाच उघडावी लागण्याचं प्रमाण १८ वरून ७ टक्क्यांवर आलं. म्हणून सुरुवात सुईने, हे आता सर्वमान्य आहे. सुईत काही निघालं नाही तर पुढे काय, यावर मात्र चर्चा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६० पेशंटांच्या डच-बेल्जियन अभ्यासात मीडियास्टिनोस्कोपी वगळून थेट ऑपरेशन केलं, तेव्हा मधल्या गाठींत अनपेक्षित आजार ८.८ टक्के जणांत निघाला. ती करून घेतलेल्यांत ७.७ टक्के. फरक थोडा आहे. पण सीटी-पेटवर गाठ मोठी आणि चमकणारी असेल तर मी तरी डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय उठणार नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात. स्टेंट असेल तर आपल्या मनाने अजिबात बंद करू नका. मधुमेहाच्या गोळीचंही विचारून घ्या, कारण पेट स्कॅनला साखर वाढलेली चालत नाही. सहा तास आधीपासून अन्न बंद. चहा दुधाचा असतो, म्हणजे तोही अन्नच. कवळी काढून ठेवायची. बिडी, मिश्री, गुटखा आजपासूनच बंद. भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून हे लपवू नका. मीडियास्टिनोस्कोपी ठरली तर ईसीजी, टूडी इकोचे जुने कागद जवळ ठेवा आणि मानेचं पूर्वी ऑपरेशन झालं असेल तर आवर्जून सांगा.

ईबसनंतर दोन-एक दिवस खोकल्यात रक्ताची रेघ दिसू शकते. धाप लागली, छातीत दुखलं, ताप राहिला किंवा रक्त वाढलं तर तडक दवाखाना. म्हणून पहिली रात्र त्याच शहरात काढलेली बरी.

रिपोर्ट वाचताना 'कॅन्सरच्या पेशी नाहीत' आणि 'नमुना अपुरा' यांची गल्लत होऊ देऊ नका. अपुरा म्हणजे तपासणी झालीच नाही, असं धरा. कुठकुठल्या गाठीतून नमुना घेतला, ईजीएफआर-एएलकेच्या (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या जनुकांच्या) तपासणीला पुरेल इतका माल आहे का, टीबीसाठी काही पाठवलंय का, हे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून न्या. आत ऐकायला तोच माणूस पाठवा, जो घरी गोळ्या-कागद सांभाळतो. भावकीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बाहेर चहा पीत बसला तरी चालेल.