रेसचा घोडा घरी आणताय? या चुका टाळा

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरून निघालेला घोडा म्हातारा असणार, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बरेच घोडे ५-६ वर्षांचे असतानाच शर्यतीतून बाद होतात, आणि थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात, नीट सांभाळला तर पंचविशी गाठतो. स्वस्तात, कधी फुकटात मिळालेला हा घोडा वीसेक वर्षं तुमच्या दारात खाणार आहे. आधी हा हिशोब मांडा.

सगळ्यात महागाची चूक पहिल्याच आठवड्यात होते, आणि तीही लाडापोटी. रेसच्या तबेल्यात त्याचा बहुतेक दिवस बंद खणात जायचा. ओट भरपूर आणि सकाळची मेहनत कडक. घरी ओट तेवढेच, मेहनत मात्र शून्य. मग तो उधळतो, लाथा झाडतो आणि मालक म्हणतो, घोडा बिघडलेला निघाला! काही जण याच्या उलट करतात. खुराक एकदम तोडून त्याला हिरव्या गवतात मोकळा सोडतात. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याचा पोटशूळ जिवावर बेततो. खुराकातला बदल १०-१४ दिवसांत हळूहळू करा. मुख्य आहार सुका चाराच हवा, वजनाच्या दीड ते दोन टक्के. ४५० किलोच्या घोड्याला रोज सुमारे ७ ते ९ किलो. तो पुढच्या पायाने जमीन उकरत असेल, वळून पोटाकडे बघत असेल, लीद थांबली असेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर बोलवा. रेसच्या घोड्यांच्या जठरात व्रण फार आढळतात. त्यामुळे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणारा घोडा खोडकरच असेल असं नाही, आधी तपासून घ्या.

स्वारीची घाई ही दुसरी चूक. लगाम ताणला की वेग वाढवायचा, हेच तो शिकलाय. जॉकी लगामावर ताण ठेवूनच त्याला पळवतो. नवखा माणूस घाबरून लगाम खेचतो, घोडा त्याच ताणावर आणखी जोरात निघतो. ‘ऐकत नाही’ म्हणतात ते बहुधा हेच. शिवाय स्वार चढताना निमूट उभं राहायची त्याला सवय नसते, कारण जॉकीला मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) चालत्या घोड्यावरही उचलून बसवतो. लांब रिकिबीतून पोटाला लागणारे पायही त्याला नवे. सुरुवातीचे काही महिने जमिनीवरूनच, जाणत्या माणसाकडून शिकवून घ्या.

त्याआधी पुढच्या पायांच्या कंडरा (टेंडन) डॉक्टरकडून बघून घ्या, गरज वाटली तर सोनोग्राफीसह. दुखावलेली कंडरा भरायला ९-१२ महिने लागू शकतात. पासपोर्ट मागा, मायक्रोचिपचा नंबर जुळतो का पाहा. तो पुन्हा शर्यतीत उतरवला जाणार नाही, हे लेखी असू द्या.

फार्महाऊसवर एकटा घोडा ठेवू नका. तो कुंपणाशी येरझारा घालतो, लाकूड चावत बसतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर तट्टू, निदान बकरी तरी सोबतीला द्या. रेसच्या तबेल्यांत बकरी पाळायची रीत जुनीच आहे.

आणि नालबंद! या घोड्यांच्या खुरांचे तळ बरेचदा पातळ असतात, आपली जमीन खडकाळ, पावसाळ्यात वर चिखल. खुराला कुजका वास आला की समजा, तबेला ओला राहतोय. दर ४-६ आठवड्यांनी तुमच्या गावापर्यंत यायला तयार असलेला नालबंद आधी शोधा, घोडा नंतर आणा.