गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा जमवावा

सुरुवात कपांपासून करा. चिंच-मीठ लावून घासू नका, मुलामा जातो आणि कोरलेलं सालही पुसट होतं. अक्षरांवर खडूची पूड बोटाने हलकी चोळा, टॉर्च आडवी धरा. साल उमटतं.

मग म्हातारे खेळाडू. ‘कोणत्या साली?’ विचारलं की अंदाज मिळतो. त्यापेक्षा विचारा: १९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? त्या वर्षी कापूस कसा झाला? सामना तान्ह्या पोळ्याच्या आसपास होता का? मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा, फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. सांगितलेलं साल वर्गणीच्या वहीशी ताडल्याशिवाय पक्कं धरू नका.

सगळ्यात मोठी चूक नोंदणीच्या दाखल्यावरचं साल स्थापनेचं म्हणून लिहिणं. क्लब आधी खेळतो, कागद मागाहून होतो. दोन्ही सालं वेगळी लिहा.

प्रत्येक सामन्याला तारीख, प्रतिस्पर्धी, गोल हवेतच. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने २९ जुलै १९११ ला ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ ने हरवलं, हे एवढं नेमकं टिकलं म्हणून आजही तपासता येतं.

अल्बमला चिकटलेले फोटो ओढून काढू नका. सावलीत, फ्लॅशशिवाय तिथेच टिपा. नावं डावीकडून, त्याच दिवशी.