डीलरकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाल्यास
गाडी घेतल्यावर आठवड्यातच गिअरबॉक्स खडखडू लागला, तर ‘जुन्या गाडीचे असे चालायचेच’ हे डीलरचे उत्तर मुकाट्याने मान्य करू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘वस्तू’ या शब्दात सर्व जंगम मालमत्ता येते, म्हणजेच वापरलेली गाडीही. घाईने दुरुस्ती करण्याची चूक मात्र टाळावी, कारण तिच्याबरोबर पुरावाच निघून जातो. आधी दुसऱ्या गॅरेजकडून दोषाचा लेखी अहवाल घ्यावा, ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ असे छापलेली जाहिरात व पावती जपावी आणि डीलरला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. दाद न मिळाल्यास १९१५ या हेल्पलाइनवर किंवा आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास आयोगाचे शुल्क लागत नाही.