घरचं माणूस सिरियस असेल तेव्हा प्रार्थना कशी करायची

माझ्या मायच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास, आणि दिवसभरात पाणी एक लिटरच्या आत, चहा, दूध, वरणाचं पाणी सगळं त्यातच धरून. धुळ्याचा मे महिना, पारा 43-44, कूलर पण गरम हवा फेकतोय आणि माय खाटेवरून म्हणतेय "माले पानी दे ना वं जरासं". मी लिटरच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. दुपारची रेघ अकरालाच संपून जायची. मग बर्फाचा छोटा खडा जिभेवर ठेवायचा, ओलं फडकं ओठांवरून फिरवायचं, आणि तिच्यासमोर आपण स्वतः पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकघरात जाऊन प्यायचं.

त्या दिवसांत मला प्रार्थना करताच येत नव्हती. लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेले, संडे स्कूलला पोरांना शिकवलेलं, आणि डोळे मिटले की समोर ती बाटली. मला वाटलं माझा विश्वासच संपला. ज्यांच्या घरात आत्ता असं चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय, मला जे फार उशिरा समजलं ते.

पहिलं काम हे करा, तुमच्या वाटची प्रार्थना दुसऱ्या कोणाला तरी उचलू द्या. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानातली, दुसऱ्या अध्यायातली गोष्ट सगळ्यांना माहितीये, कफर्णहूमात चौघं जण एका लकवा झालेल्या माणसाला खाटेवर घालून आणतात, दारात गर्दी, मग वर चढून छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. आपल्याकडे खानदेशात ज्यांनी धाब्याचं घर बघितलंय त्यांना हे चित्र लगेच दिसेल, लाकडं, वर काड्या, वर माती, उकरलं की खाली सगळ्यांच्या डोक्यावर धूळ. तर तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस तोंडातून एक शब्द बोललेला नाही पूर्ण वेळ. मी ही गोष्ट कितीतरी वेळा शिकवली असेल पण हा "त्यांचा" शब्द मला डायलिसिसच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा दिसला, आणि मी तिथेच रडले, कारण मला वाटत होतं खाट उचलणारी मीच एकटी आहे आणि माझ्यात तर ताकद नाहीये.

म्हणून आजच तीन-चार जण निवडा. अख्खी मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं नको, तीन-चार जण, ज्यांच्यासमोर तुम्ही रडू शकता. त्यांना वार वाटून द्या. आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी सात ते अकरा, म्हणजे मायची डायलिसिसची वेळ, स्वतःकडे घेतली होती, भाकरी थापता थापता प्रार्थना करायच्या. आणि मेसेज टाकताना "अर्जंट प्रेयर रिक्वेस्ट, प्लीज प्रे" एवढंच टाकू नका, नेमकं सांगा. "उद्या मशीनवर असताना बीपी पडतं, ते पडू नये. नर्सला शीर एकदाच सापडावी. मायला रात्री चार तास तरी झोप लागावी." नेमकं मागितलं की समोरच्याला पण प्रार्थना करता येते आणि दुसऱ्या दिवशी विचारता येतं, काय झालं, झोपल्या का. आजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव, आजार, फोटो ग्रुपवर टाकू नका मात्र. नळ्या लावलेला फोटो तर कधीच नको.

आता तुमची स्वतःची प्रार्थना. छोटी करा, एकदम छोटी. अर्धा तास गुडघ्यावर बसून सुंदर शब्दांत जमत नसेल तर राहू द्या. घरात ज्या बोलीत भांडता ना त्याच बोलीत बोला. चर्चमध्ये आपण "हे सर्वसमर्थ परमेश्वरा" म्हणतो, ठीक आहे, पण रात्री तीन वाजता माझ्या तोंडून निघालं ते "देवबाप, मनी मायले बरं कर", बस. पंडिता रमाबाई 1922 ला वारल्या, त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी बायबल साध्या मराठीत आणण्यात घातली, बायाबापड्यांना वाचता यावं म्हणून. त्यांच्यासारख्या संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईला जर साधी भाषा देवाला चालते असं वाटत होतं तर आपली अहिराणी का नाही चालणार. आणि शब्दच नसतील तर रोमकरांस पत्र 8:26 वाचा, तिथे प्रेषित पौल सरळ म्हणतो की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं! आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला कण्हता तर येतंच.

वाचायला काय घ्यायचं, तर मला तेव्हा गोड वचनं नको वाटायची, स्टेटसला टाकतात तसली. स्तोत्र 13 घ्या, सहा ओव्यांचं आहे, पहिल्या दोनच ओव्यांत "किती वेळ" हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र 88 घ्या, ते तर अंधारातच संपतं, शेवटी काही आशाबिशा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे देवाकडे तक्रार करायची परवानगी आहे आपल्याला, रागावून बोललं तरी चालतं, तोंड फिरवून गप्प बसण्यापेक्षा ते बरं. आणि तहान. मायला मी स्तोत्र 42 वाचून दाखवत होते, हरणी पाण्यासाठी कशी तळमळते ते, आणि मध्येच थांबले, म्हटलं हे काय वाचतेय मी या बाईसमोर. तर तीच म्हणाली वाच, आणि मग म्हणाली की येशूला पण वधस्तंभावर तहान लागली होती, त्याला माहिती आहे. योहान 19:28. मी काही शिकवलं नव्हतं तिला हे, चौथी शिकलेली माय माझी.

बरं करण्यासाठी मागायचं का? मागा, मोकळेपणाने मागा, दहा वेळा मागा. फक्त सौदा करू नका. आपल्या खानदेशच्या मातीत नवस मुरलेला आहे, चैत्रात सप्तशृंगी देवीच्या गडाला पायी जाणारे किती जण आपल्याच गल्लीतले असतात, आणि आपण ख्रिस्ती झालो तरी मन तिकडेच वळतं, देवा तू मायला उठव, मी महिन्याला इतकं दान देते, चाळीस दिवस उपास करते. मी पण बोलले होते तसं. मग पुढचा रिपोर्ट वाईट आला की वाटतं आपलंच काहीतरी कमी पडलं. गेथशेमाने बागेत येशूने दोन्ही गोष्टी बोलल्या, हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि माझ्या इच्छेप्रमाणे नाही तर तुझ्या. पहिलं वाक्य गाळून डायरेक्ट दुसऱ्यावर जाऊ नका, लोक तसं करायला लावतात. पौलाने त्याच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, पुरेल इतकी कृपा मिळेल असं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? त्याचा सोबती त्रफिम, त्याला तर पौल मिलेतात आजारी अवस्थेतच ठेवून पुढे गेला, 2 तीमथ्य 4:20 मध्ये एका ओळीत लिहिलंय. शेजारच्या काकूंनी मायसाठी गडाला नवस बोलला, त्यावर मी काही वाद घातला नाही, तिचं मायवर प्रेम होतं, हात जोडले आणि चहा दिला. तुम्ही पण भांडू नका.

औषध बंद करायचं नाही. हे मी ओरडून सांगतेय समजा. कोणी म्हणेल विश्वास असेल तर गोळ्या फेक, मशीनवर जाऊ नको, अमुक सभेत ये. अशा माणसाला घरात घेऊ नका, तो कितीही मोठ्याने हालेलुया म्हणू दे. मरायला टेकलेल्या हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला 15 वर्षं वाढवून दिली, आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस लावायला सांगितलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. डायलिसिसच्या पेशंटने दोन-तीन पाळ्या चुकवल्या तर अंगात पाणी साचून दम लागतो, पोटॅशियम वाढून हार्ट बंद पडू शकतं, एवढं सरळ आहे ते. भेटायला येणारे प्रेमाने जळगावची केळी आणि शहाळं आणायचे, आणि दोन्हीत पोटॅशियम भरपूर, मला प्रत्येकाला दारातच सांगावं लागायचं. प्रार्थना केलेलं ज्यूस, प्रार्थना केलेलं पाणी असलं पण कोणी पाजायला बघेल, नको म्हणा. आणि आजाऱ्याने उपास करायचा नाही, त्याची सेवा करणाऱ्यानेही नको, एलीया संदेष्टा थकून मरण मागू लागला तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, भाकर दिली, पाणी दिलं आणि परत झोपू दिलं.

पैशाचं पण बोला, लाजू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. मंडळीला हे काम द्या, कोणीतरी पोरगं कागदं घेऊन लायनीत उभं राहू दे, ती पण खाट उचलणंच झालं.

पाळकसाहेबांना बोलवा, वाट बघू नका. याकोब 5:14 मध्ये आहे, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. कॅथलिक घरात फादर येऊन तैलाभ्यंग देतात, तो काही फक्त शेवटच्या घटकेचा विधी नाही, ऑपरेशनच्या आधीपण घेता येतो. बोलवताना सांगून ठेवा, वॉर्डात दोनच माणसं, दहा मिनिटं, आवाज हळू, बाजूच्या खाटेवर पण पेशंट आहे. आमच्या पाळकसाहेबांनी प्रभुभोजन द्यायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं की द्राक्षरस किती चालेल. मी म्हटलं घोटभर पण मोजावा लागतो. मग त्यांनी भाकरीचा तुकडा फक्त बुडवून तिच्या जिभेवर ठेवला. त्या माणसाबद्दल मला आयुष्यभर आदर राहील.

भेटायला जाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी पण. "घरात काही पाप राहिलं असेल, तपासून बघा" हे वाक्य एका भावाने माझ्या मायच्या उशाशी उभं राहून बोललं होतं. योहान 9 मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्यांनी हेच विचारलं, कोणी पाप केलं, याने की आईबापाने, आणि येशू म्हणाला याने पण नाही आणि आईबापाने पण नाही. सगळं गमावलेल्या, आजारी ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोपर्यंत बरोबर होते, तोंड उघडलं आणि बिघडवलं. बसा, पाय चेपून द्या, घरच्याला दोन तास झोपायला सांगा.

आणि तब्येत उतरतच गेली तर प्रार्थना बदलली तरी चालते. शेवटचे दोन महिने मी बरं कर म्हणणं सोडलं नाही पण सोबत दुसरं पण मागू लागले, दुखू देऊ नको, भीती वाटू देऊ नको, मी जवळ असताना होऊ दे. आजाऱ्याला मरणाबद्दल बोलायचं असेल तर "असं नको बोलू, तू बरी होशील" म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. मायला कोणत्या साडीत ठेवायचं, कोणतं भजन म्हणायचं हे तिने स्वतः सांगितलं, आणि कोणाला किती उसने पैसे द्यायचेत ते पण. कानाशी हळू स्तोत्र 23 म्हणा, डोळे मिटलेले असले तरी म्हणा, ऐकू येत असतं असं नर्सने मला सांगितलं होतं.

माय गेली ऑगस्टमध्ये, पावसात. माती झाल्यावर आठवडाभर घर भरलेलं होतं, मग सगळे आपापल्या गावी. सोमवारी सकाळी सातला त्या मावशींचा फोन आला, म्हणाल्या हात रिकामे वाटतायत बेटा, आज तुझ्यासाठी प्रार्थना करतेय, तू जेवलीस का रात्री. बुधवारी पण आला, शुक्रवारी पण. तुमच्या मंडळीत कोणाचं घरचं माणूस गेलं असेल तर त्या घराचे वार आठवून फोन करा.