नदीकाठच्या तंबूत चार रात्री : सोलापूरहून मसाई माराला जाणाऱ्यांसाठी

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पहाटे लपणात बसून ज्याने काळविटांच्या कळपाची वाट पाहिली आहे, त्याची आफ्रिकेतील वन्यजीवन पाहण्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते. उरलेली तयारी कागदपत्रांची, सामानाची आणि कुंपण नसलेल्या जागी रात्र कशी काढावी हे समजून घेण्याची असते. माझ्या ओळखीतली जी कुटुंबे सोलापूरहून केनियाला जाऊन आली, त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार एकच होती : फार धावपळ झाली. सात दिवसांत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मसाई मारा उरकायचे ठरले की निम्मा वेळ गाडीत, रस्त्यावर जातो. म्हणून या लेखात माझा आग्रह असा की एकच नदी निवडावी, तिच्या काठच्या एकाच कॅम्पमध्ये किमान चार रात्री राहावे आणि प्राण्यांमागे पळण्यापेक्षा पाण्याकडे येणाऱ्या प्राण्यांची वाट पाहावी.

आफ्रिकेत अशा नद्या अनेक आहेत. झांबियातील लुआंग्वा, बोत्स्वानातील चोबे, उत्तर केनियातील सांबुरूमधून वाहणारी एवासो न्यिरो, या सगळ्या नद्यांच्या काठी उत्तम कॅम्प आहेत. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने मारा किंवा तिला मिळणारी तालेक निवडावी असे मला वाटते, कारण मुंबईहून नैरोबीला थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते आणि पुढचा प्रवासही सरळ आहे. मारा नदी माऊच्या डोंगराळ भागात उगम पावते, केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी या दोन्ही प्रदेशांतून वाहते आणि शेवटी व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. दोन देशांच्या या सलग प्रदेशात प्राण्यांना अडवणारे कुंपण नाही, म्हणूनच विल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे, हरणांच्या कुळातले मोठे प्राणी) आणि झेब्रे यांचे प्रचंड कळप पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागोमाग वर्षभर फिरत राहतात.

हे कळप साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात माराच्या परिसरात असतात आणि नदी ओलांडण्याचे प्रसिद्ध दृश्यही याच महिन्यांत दिसते. मात्र याच काळात गर्दी आणि खर्च दोन्ही सर्वाधिक असतात. 2024च्या जुलैपासून परदेशी प्रौढ पर्यटकासाठी मसाई मारा राखीव क्षेत्राचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर असे ठरवण्यात आले, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाने हा आकडा आधी मांडून मगच दिवस ठरवावेत. नदी ओलांडण्याचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीचे कोरडे दिवसही फार चांगले असतात, कारण सिंह, हत्ती, जिराफ आणि पाणघोडे कुठेही स्थलांतर करत नाहीत. एप्रिल आणि मे मात्र टाळावेत. त्या वेळी मोठा पाऊस पडतो, आणि 2024च्या मे महिन्याच्या आरंभी तालेक नदी पात्राबाहेर आल्याने काठच्या अनेक कॅम्पमध्ये पाणी शिरून पर्यटकांना बाहेर काढावे लागले होते.

कॅम्प ठरवताना छायाचित्रांपेक्षा प्रश्नांवर भर द्यावा. तंबू नदीच्या किती जवळ आणि किती उंचीवर आहे, तंबूच्या ओट्यावरून पात्र दिसते का, गाडीत किती जण बसवले जातात आणि प्रत्येकाला खिडकीची जागा मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. कॅम्प राखीव क्षेत्राच्या आत आहे की शेजारच्या, स्थानिक मसाई जमातीच्या कुटुंबांच्या जमिनी भाड्याने घेऊन राखलेल्या खासगी क्षेत्रात, हेही विचारावे. राखीव क्षेत्रात रात्रीची फेरी आणि पायी फिरणे चालत नाही, खासगी क्षेत्रांपैकी अनेक ठिकाणी चालते. शाकाहारी जेवणाची कल्पनाही आधीच द्यावी. त्यात अडचण येत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या भारतीयांमुळे चपाती आणि चहा हे शब्दसुद्धा स्वाहिली भाषेत रुळलेले आहेत.

निघण्यापूर्वी

पहिले काम पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचे. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे या लशीचे पिवळे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस फक्त शासनमान्य केंद्रांतच मिळते, त्यांचे वार ठरलेले असतात आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. म्हणून प्रवासाच्या किमान महिनाभर आधी केंद्रात चौकशी करून, पासपोर्ट सोबत घेऊन, लस घ्यावी. एकदा घेतलेली लस जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016पासूनच्या नियमानुसार आयुष्यभर ग्राह्य असते. वय साठच्या पुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे सुरू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबतही त्यांनाच विचारावे, कारण काही गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. 2024च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगीची पद्धत सुरू केली आहे. तो अर्ज शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा.

दुसरे काम सामानाचे, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगणे उपयोगी ठरेल. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारणपणे माणशी 15 किलोपर्यंतच सामान, तेही मऊ पिशवीत, चालते. मी कडक कवचाची मोठी बॅग नेली होती आणि ऐन वेळी निम्मे कपडे एका कापडी पिशवीत भरून उरलेले नैरोबीत ठेवावे लागले. त्यात नेमका स्वेटर राहून गेला. मारा विषुववृत्ताजवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, आणि उघड्या छताच्या गाडीत पहाटे सहा वाजताचा वारा मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणाऱ्या सोलापूरकराला चांगलाच झोंबतो. त्या चार दिवसांत मला तारले ते बायकोने सोबत घेतलेल्या आपल्या सोलापुरी चादरीने. कॅम्पमध्ये ब्लँकेट मिळतात, तरी एक हलकी चादर घ्यावी, कारण ती पांघरायलाही उपयोगी पडते आणि गाडीच्या कडेवर घडी घालून ठेवली की तिच्यावर कॅमेरा स्थिर राहतो.

कपडे मातकट, खाकी किंवा फिकट हिरव्या रंगाचे असावेत. गडद निळा आणि काळा रंग त्से-त्से या चावणाऱ्या माशीला आकर्षित करतो, आणि लष्करी छपाईचे कपडे आफ्रिकेतील अनेक देशांत सामान्य नागरिकांना घालता येत नाहीत. चौकोनी तीन पिनांचा प्लग, विजेरी आणि प्रत्येकासाठी वेगळी दुर्बीण घ्यावी. 8 बाय 42ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण यासाठी पुरेशी आहे. चौघांत एक दुर्बीण नेणे ही खरी काटकसर नव्हे, कारण ती हातोहात फिरेपर्यंत बिबट्या झाडावरून उतरलेला असतो. केनियात 2017पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, म्हणून शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यायची असेल तर ती स्टीलच्या डब्यातच न्यावी.

तंबूत राहताना

कॅम्पवर पोहोचताच तो डबा स्वयंपाकघरात द्यावा. तंबूत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. वानरांना आणि बबूनना शेंगदाण्याचा वास लगेच कळतो आणि तंबूची चेन उघडणे त्यांना अवघड नाही. बाहेर पडताना दोन्ही चेनची टोके एकमेकांत अडकवून बंद करावीत. वीज बहुधा सौरऊर्जेवर असते, म्हणून कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दुपारीच भरून घ्याव्यात, आणि गरम पाणी ठरावीक वेळीच मिळते हे गृहीत धरावे.

कॅम्पला कुंपण नसते. पाणघोडे रात्री नदीतून वर येतात आणि तंबूंमधल्या मोकळ्या जागेतले गवत निवांत खातात. त्यामुळे अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंतसुद्धा एकट्याने जायचे नाही. विजेरीने खूण करून किंवा शिट्टी वाजवून रखवालदाराला बोलवावे. त्याला तिथे अस्कारी म्हणतात, आणि तो बहुधा आसपासच्या गावचा मसाई असतो. तो थांब म्हणाला की थांबावे, कारण विचारू नये. पाणघोडा आणि पाणी यांच्यामध्ये उभे राहणे ही या परिसरातली सर्वांत धोक्याची जागा आहे, कारण घाबरलेला पाणघोडा नेहमी पाण्याकडेच धावतो. लहान मुलांना हे पहिल्याच संध्याकाळी नीट समजावून सांगावे. काठावर अगदी पाण्याशी जाणेही टाळावे, कारण मगर पृष्ठभागाखाली असेल तर दिसत नाही.

पहिल्या रात्री झोप लागणे कठीण असते. पाणघोड्यांचे घुमणारे हुंकार, तरसाची वर चढत जाणारी हाक आणि दूरवरून येणारी सिंहाची गर्जना, जी शांत रात्री आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते, हे सारे पातळ कापडाच्या पलीकडे चाललेले असते. चेन बंद करून आत राहिलेल्या माणसाला प्राणी सहसा त्रास देत नाहीत. दुसऱ्या रात्रीपासून कोणता आवाज कोणाचा हे ओळखू येऊ लागते, आणि चार रात्रींचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

पाहण्याची रीत

तिथे सूर्य वर्षभर सकाळी साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो. पहाटेची फेरी चुकवू नये. दुपारची मात्र खुशाल सोडून द्यावी आणि त्या वेळी खुर्ची ओढून नदीसमोर दोन तास बसावे. सुरुवातीला केवळ तपकिरी पाणी दिसते. मग ज्या खडकांकडे आपण पाहत होतो त्यांतला एक खडक कान हलवतो आणि तो पाणघोडा असल्याचे कळते. तो पोहत नाही, तळावर पाय टेकत चालतो आणि पाच मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो. म्हणून घड्याळ लावून तो कुठे बुडाला आणि कुठे वर आला हे टिपून पाहावे. मुले या खेळात तासभर रमतात. माराच्या केनियातील पात्रात चार हजारांहून अधिक पाणघोडे आहेत, आणि रात्रभर काठावर खाल्लेले गवत दिवसभर ते शेणाच्या रूपाने नदीत सोडतात. माशांपासून किड्यांपर्यंत अनेकांचे पोट त्यावर चालते, पण डोहात साचलेले हे शेण पुरात वाहून खाली गेले की पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे मरतात.

दुपारी हत्ती पाण्यावर येतात. आधी म्हातारी मादी काठावर थांबते, सोंड उंच करून वास घेते, आणि तिचे समाधान झाल्यावरच पिल्ले पुढे येतात. जिराफ पाणी पिण्यापूर्वी बराच वेळ आजूबाजूला पाहतो, कारण पुढचे पाय फाकवून मान खाली घातली की त्याला चटकन पळता येत नाही. काठच्या बाभळींच्या आणि उंबराच्या जातीच्या झाडांच्या आडव्या फांद्या दुर्बिणीने एकेक करून तपासाव्यात. लोंबणारी शेपटी दिसली तर तो बिबट्या असतो.

विल्डबीस्टांचे नदी ओलांडणे पाहायचे असेल तर चालकाला स्पष्ट सांगावे की आपण थांबायला तयार आहोत. कळप काठावर तासन्‌तास घोटाळतो, पाण्यापर्यंत येऊन मागे फिरतो, आणि कधी कधी त्या दिवशी ओलांडतच नाही. गाडी कळपाच्या उतरण्याच्या वाटेत उभी राहता कामा नये, कारण वाट अडली की ते उंच कड्यावरून उड्या घेतात आणि पाय मोडून मरतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार माराच्या पात्रात दर वर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट बुडतात. त्यांच्यावर मगरी, गिधाडे, करकोचे आणि मासे जगतात, आणि हाडे वर्षानुवर्षे विरघळत राहून नदीला खत पुरवतात. मृत्यूचे हे दृश्य मनाला फार लागते, हे मुलांसोबत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नसाव्यात असा नियम आहे, आणि तो पाळला जात नसेल तर निघून जाण्याची सूचना आपणच चालकाला करावी. चित्त्याच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे. तो दिवसा शिकार करतो, आणि पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या माद्यांची कमी पिल्ले जगतात, असे माराच्याच एका अभ्यासात दिसून आले आहे. चालकाला अधिक बक्षीस देऊन गाडी जवळ घ्यायला सांगणे हा मला अक्षम्य प्रकार वाटतो.

सोलापूरकराने चालकाला आणखी एक पक्षी मुद्दाम दाखवायला सांगावा : कोरी बस्टर्ड. तो आपल्या माळढोकाचा सख्खा नातलग आहे आणि उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. ज्या माळढोकासाठी 1979 साली नान्नजचे अभयारण्य झाले आणि जो आता तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे, त्याचाच हा भाऊ मोकळ्या गवतात डौलाने, सावकाश पावले टाकत चालताना पाहून मला सिंह पाहतानाही आला नव्हता एवढा गहिवर आला. सोबतचे प्रवासी पक्ष्यासाठी थांबायला कुरकुरतील, तरी दहा मिनिटे मागून घ्यावीत.

निघण्याच्या दिवशी विमान दुपारचे असेल तर पहाटेची शेवटची फेरी न घेता चहाचा कप घेऊन नदीवर बसावे. रात्री वर आलेले पाणघोडे त्याच वेळी एका रांगेत पाण्यात परततात आणि त्यांची पायवाट दवामुळे ओल्या गवतात स्पष्ट दिसते. पिवळे प्रमाणपत्र मात्र मोठ्या बॅगेत टाकू नये. मुंबईला उतरल्यावर सामान हाती येण्यापूर्वीच आरोग्य तपासणीच्या टेबलावर ते मागितले जाते.