पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी : साक्षांकन नमुना भरताना या चुका टाळा

मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा पार करून निवड यादीत नाव आले की भरतीतला अवघड भाग संपला, अशी बहुतेक उमेदवारांची समजूत होते. त्यामुळे वर्षभर घाम गाळून मिळवलेली नोकरी ज्या कागदावर अडू शकते, तो साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःची माहिती लिहून देण्याचा अर्ज, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभ्याउभ्या, शेजारच्याचे पाहून भरला जातो. कधी अटक झाली आहे का, खटला भरला गेला आहे का, बंधपत्र लिहून घेतले गेले आहे का, न्यायालयाने दंड केला आहे का, दोषी ठरवले आहे का, एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, असे प्रश्न त्यात एकाखाली एक येतात. त्यांतील प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यायचे असताना वरपासून खालपर्यंत एकच तिरपी रेघ ओढून मधोमध ‘निरंक’ लिहिले जाते. नियुक्ती अडण्याच्या बहुतेक प्रकरणांचे मूळ त्या रेघेत असते.

पुढे हा नमुना संबंधित पोलीस ठाण्यात जातो. तेथील अंमलदार ठाण्यातील नोंदवह्या आणि सीसीटीएनएस या पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या संगणकीय प्रणालीतील नोंदी पाहतो, गावात पोलीस पाटलाकडेही विचारपूस होते. जुने प्रकरण कोणाला आठवणार, हा हिशेब येथेच चुकतो, कारण माणसे विसरली तरी गुन्हा रजिस्टर विसरत नाही.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 21 जुलै 2016 रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात दिलेला निकाल आजही आधार मानला जातो. कोवळ्या वयात दिलेल्या घोषणा किंवा तत्सम किरकोळ गुन्हा लपवला गेला असला, तरी नियुक्ती प्राधिकारी आपल्या विवेकाधिकारात तिकडे दुर्लक्ष करू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असताना जाणूनबुजून खोटी माहिती देणे मात्र गंभीर मानले. किरकोळ प्रलंबित प्रकरण खरेपणाने नमूद केले असेल, तर त्याच्या निकालाच्या अधीन राहून नियुक्ती देता येते, हेही त्याच निकालात आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की सांगितलेल्या प्रकरणावर विचार होऊ शकतो, परंतु लपवलेले प्रकरण सापडले की आधी लपवण्याबद्दलच जाब द्यावा लागतो.

सर्वाधिक गोंधळ ‘आपल्यावर केस नव्हतीच’ या समजुतीने होतो. गणेशोत्सव किंवा निवडणुकीच्या तोंडावर गावातल्या चार-सहा तरुणांना नोटीस येते, ते कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहतात, शांतता राखण्याच्या बंधपत्रावर सही करतात आणि दुपारी घरी परततात. बोलीभाषेत ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती हीच कारवाई होय. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली होत असे आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली होते. हा गुन्हा नव्हे, हे खरे आहे. परंतु नमुन्यात बंधपत्राबद्दल प्रश्न असेल तर त्याचे उत्तर ‘होय’ असेच आहे.

दारू पिऊन वाहन चालवल्याच्या प्रकरणातही असेच होते. हेल्मेट न घातल्याबद्दल भरलेले ई-चलान आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 185 खाली न्यायालयात गुन्हा कबूल करून भरलेला दंड, या दोन्हींची पावती खिशात सारखीच दिसत असली, तरी दुसऱ्या प्रकरणात कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धी झालेली असते.

‘पोलिसांनीच केस मिटवली’ हे वाक्यही तपासून घ्यावे. महाराष्ट्रात तपासाअंती प्रकरण बंद करायचे असेल तर न्यायालयाकडे समरी अहवाल जातो आणि त्याच्या अक्षरालाच महत्त्व असते. गुन्हा खरा परंतु आरोपी निष्पन्न न झालेला असेल तर ‘अ’ समरी, तक्रार द्वेषाने केलेली व खोटी असेल तर ‘ब’ समरी, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून तक्रार झालेली असेल तर ‘क’ समरी मागितली जाते. दंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केली आहे की नाही हे न पाहता प्रकरण संपले असे लिहिणे धोक्याचे आहे. मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून नमुन्यासोबत जोडावी.

निर्दोष सुटलो म्हणजे सांगण्यासारखे काही उरले नाही, हीदेखील चूकच आहे. साक्षीदार फितूर झाल्याने किंवा तडजोडीने झालेली मुक्तता आणि पुराव्याची पूर्ण छाननी होऊन झालेली मुक्तता यांत न्यायालये फरक करतात. दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीतून मिळालेल्या मुक्ततेने नियुक्तीचा हक्क आपोआप निर्माण होत नाही असे म्हटले. 2016 च्या निकालानुसारही संपलेले प्रकरण उमेदवाराने खरेपणाने सांगितले, तरी त्याची पार्श्वभूमी विचारात घेण्याचा अधिकार नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे राहतो. म्हणून ‘निर्दोष’ एवढा एकच शब्द लिहून न थांबता निकालपत्र वाचावे आणि त्याची प्रत द्यावी.

2016 च्या निकालाने उमेदवाराला संरक्षणही दिले आहे. नमुन्यातील प्रश्न संदिग्ध नसावेत, जी माहिती स्पष्टपणे विचारली आहे तीच द्यायची असते, आणि माहिती दडवल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी ती उमेदवाराला ठाऊक होती हे दिसले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ‘मला माहीतच नव्हते’ हे उत्तर मात्र समन्सवर स्वतःची सही असताना टिकत नाही. शंका असल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्वतःचे नाव शोधावे आणि ठाण्यात लेखी अर्ज करून गुन्हा क्रमांक व सद्यस्थिती विचारावी. खासगी नोकरीसाठी काढलेला चारित्र्य दाखला हातात आहे म्हणून हे टाळू नये, कारण भरतीची पडताळणी स्वतंत्रपणे होते.

पत्त्यांच्या रकान्यात तयारीसाठी शहरात घेतलेली भाड्याची खोली बहुतेकांकडून राहून जाते. नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि आधारवर दुसरे असेल तर ते आधीच दुरुस्त करावे.

नमुना भरल्यानंतर आणि नियुक्तीपूर्वी भांडण होऊन गुन्हा नोंद झाला, तर आधी दिलेले उत्तर त्या दिवशी खरे होते एवढ्यावर विसंबू नये. घटकप्रमुखांच्या, म्हणजे पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांच्या, कार्यालयाला लेखी कळवून आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

सेवेत असलेल्यांची चूक वेगळी असते. पडताळणी रुजू होताना एकदा झाली आणि संपली, असे ते धरून चालतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या नावे स्थावर मालमत्ता घेताना वा विकताना विहित प्राधिकाऱ्याला पूर्वकल्पना द्यावी लागते. पत्नीच्या नावे घेतलेला भूखंड मत्ता व दायित्वाच्या विवरणपत्रात राहून गेला असेल, तर तो व्यवहार प्रामाणिक असूनही लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या उघड चौकशीत समजावून सांगणे जड जाते. कौटुंबिक वादातून गुन्हा नोंद झाला आणि तो वरिष्ठांपासून लपवला, तर पदोन्नतीच्या वेळी तो बाहेर येतोच. प्रलंबित विभागीय चौकशीमुळे पदोन्नती समितीचा निष्कर्ष चौकशी संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात राहू शकतो, हे तर खात्यात सर्वांना ठाऊक आहे.

नियुक्ती नाकारली गेल्यास तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कारणे दाखवा नोटीस असेल तर प्रकरणाचे स्वरूप, त्या वेळचे वय आणि निकाल यांच्या प्रतींसह मुदतीत उत्तर द्यावे आणि सकारण लेखी आदेश मागावा. त्या आदेशाविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात साधारणपणे एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि हे वर्ष आदेशाच्या तारखेपासून मोजले जाते.